लाल शाईतली रोजनिशी

जून महिन्यात शाळा उघडल्या की काही शाळांत पाठ्यपुस्तकांबरोबर आणखी एक वही मुलांच्या दप्तरात येते. तिच्यावर 'माझी रोजनिशी' असे लिहिलेले असते. मुलांनी रोज झोपण्यापूर्वी एक पान लिहावे, सोमवारी वही वर्गशिक्षकांकडे द्यावी, शिक्षकांनी ती तपासून सही करावी, असा साधारण परिपाठ. रोजनिशीचे फायदेही सर्वांना पाठ असतात. अक्षर सुधारते, भाषा सुधारते, स्मरणशक्ती वाढते, मन मोकळे होते, शिस्त लागते, आत्मपरीक्षणाची सवय होते. रोजच्या एका पानात एवढे सारे मिळत असेल तर आक्षेप कोण घेणार? आम्हीही घेतला नव्हता. कित्येक वर्षे आम्ही स्वतः अशा वह्या लिहून घेतल्या, तपासल्या, आणि त्यांवर लाल शाईने 'छान', 'अक्षर सुधारा', 'ऱ्हस्व-दीर्घ पाहा' असे शेरे मारले.

ज्यांनी असा गठ्ठा तपासला आहे त्यांना आतला मजकूर सांगायला नको. 'सकाळी सहा वाजता उठलो. दात घासले. आंघोळ केली. शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत डबा खाल्ला. संध्याकाळी खेळलो. अभ्यास केला. जेवून झोपलो.' मंगळवारी हेच, बुधवारी हेच. रविवारी रात्री एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली सात पाने ओळखायला अनुभवी शिक्षकाला अर्धे मिनिटही लागत नाही. आपण ते ओळखतो आणि सही करून पुढची वही उघडतो. एवढ्या सगळ्या मुलांचे दिवस एकसारखे कसे, हा प्रश्न आपण त्या गठ्ठ्याला विचारत नाही. तो विचारावा आणि फायद्यांची ती यादीही जरा पारखून घ्यावी, म्हणून हा लेख.

श्रावणातला चंद्र

सुरुवात आमच्याच फजितीपासून करू या. एका वर्षी सातवीच्या वर्गाला आम्ही चंद्राची रोजनिशी लिहायला दिली होती. शुद्ध तृतीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज रात्री आठ वाजता अंगणात किंवा गच्चीवर उभे राहायचे, चंद्र कुठे दिसतो ते पाहायचे, त्याचा आकार काढायचा. कल्पना वाईट नव्हती. एकाच वेळी रोज पाहिले तर चंद्र दररोज साधारण बारा अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो. पश्चिमेकडची कोर पौर्णिमेपर्यंत पूर्व क्षितिजावर जाऊन पूर्ण गोल होते. हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असा आमचा हेतू होता.

महिना मात्र आम्ही निवडला श्रावण! त्या पंधरवड्यात लागोपाठ आठ-नऊ रात्री आभाळ गच्च भरलेले होते. तरीही बहुतेक सगळ्या वह्यांत रोजचा चंद्र हजर. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहून मुलांनी तो काढला होता. दोघातिघांच्या कोरीची टोके तर मावळलेल्या सूर्याच्या दिशेला वळलेली होती. सूर्याकडची बाजू उजळलेली असते, त्यामुळे कोरीची टोके नेहमी सूर्यापासून दूर वळलेली असतात. म्हणजे तसा चंद्र कोणीच कधी पाहिलेला नव्हता. एका मुलीच्या वहीत फक्त चार चंद्र होते. उरलेल्या प्रत्येक दिवसापुढे तिने एकच शब्द लिहिला होता, 'ढग'. आणि त्या वहीवर आम्ही लाल शाईने शेरा मारला होता, 'अपूर्ण'.

चूक लक्षात आली ती गठ्ठा संपल्यावर, घरी जाताना. वर्गातले एकच निरीक्षण खरे होते आणि आम्ही नेमके तेच नापास केले होते. ज्यांनी खोटे लिहिले त्यांना 'छान' मिळाले. रोज पान भरलेच पाहिजे, हा नियम आमचा. मुलांनी तो इमानाने पाळला, एवढेच.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत दुर्बिणीतून गुरूकडे पाहिले, तेव्हाच्या नोंदी प्रसिद्ध आहेत. ७ जानेवारीला गुरूजवळ तीन लहान तारे एका रेषेत दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. ८ तारखेला तिन्ही पश्चिमेला. ९ तारखेला आकाश ढगाळ होते, आणि तेही त्याने तसेच नोंदवले आहे. १० तारखेला दोनच तारे दिसले, दोन्ही पूर्वेला. १३ तारखेला चार. हे तारे नाहीत, गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, हा निष्कर्ष या छोट्या छोट्या टिपणांच्या रांगेतून निघाला. आता विचार करा, ९ तारखेचे पान रिकामे राहू नये म्हणून त्याने अंदाजाने तीन ठिपके काढले असते तर? पुढच्या दिवसाचे कोडे तिथेच बिघडले असते. निरीक्षणाच्या वहीत 'दिसले नाही' हीसुद्धा नोंदच असते. आमच्या त्या विद्यार्थिनीला हे कोणी शिकवले नव्हते. तिला ते आपसूक कळत होते, आणि आम्ही ते पुसायला निघालो होतो.

प्रयोग काय सांगतात?

'मन मोकळे होते' या फायद्याला शास्त्रीय आधार आहे, असे हल्ली वारंवार सांगितले जाते. तो आधार तपासून पाहणे विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस लागोपाठ, रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले होते. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या अत्यंत दुःखद प्रसंगाविषयी. दुःखद प्रसंगावर लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच बरे वाटले नाही, उलट अधिक उदास वाटले. पण ज्यांनी प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात इतरांपेक्षा कमी वेळा गेले.

हा प्रयोग सांगताना तीन गोष्टी गाळल्या जातात. लिहिणारी मुले शाळेतली नव्हती. लेखन चारच दिवसांचे होते, वर्षभराचे नव्हे. आणि तिसरी, आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी, गोष्ट अशी की ते लेखन गोपनीय होते. त्यावर ना कोणी शेरा मारणार होते, ना ते पालकांना दाखवणार होते.

त्यानंतर असे शेकडो प्रयोग झाले. २००६ मध्ये जोॲन फ्रॅटरोली यांनी १४६ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. फायदा आढळला, पण सरासरीने फार लहान. १० ते १८ वयाच्या मुलामुलींवरील २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही चित्र तेच, फायदा आहे पण थोडा. 'रोज' या शब्दाला तर आधार आणखीच कमी. २००५ मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास मांडला. त्यात काही विद्यार्थ्यांनी सहा आठवडे, आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिल्या, तर काहींनी आठवड्यातून तीनदा. समाधान वाढले ते एकदा लिहिणाऱ्यांचे. तीनदा लिहिणाऱ्यांचे नाही. अति परिचयाने तोही उपक्रम 'दात घासले'सारखा झाला असावा, असा आमचा तर्क.

परीक्षेच्या भीतीवरचा एक प्रयोगही शिक्षकांच्या ऐकण्यात असेल. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर उतरवली तर घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण वाढतात, असे २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले होते. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. पुढे काही संशोधकांनी 'सायन्स' आणि 'नेचर'मधले सामाजिक शास्त्रांचे २१ प्रयोग पुन्हा करून पाहिले. त्यांचा अहवाल २०१८ मध्ये आला. १३ प्रयोगांत पूर्वीसारखाच निष्कर्ष मिळाला. हा प्रयोग त्या तेरांत नव्हता. तेव्हा तो करून पाहायला हरकत नाही, पण पालकसभेत छातीठोकपणे सांगू नये.

दोन मुली, दोन वह्या

आकड्यांतून जे हाती येत नाही ते कधीकधी प्रत्यक्ष वह्यांतून येते. दोन शाळकरी वयाच्या मुलींच्या रोजनिशा आपल्यासमोर आहेत. काळ एकच, दुसऱ्या महायुद्धाचा. दोघीही एका इमारतीत बंदिस्त. एक ॲमस्टरडॅममध्ये, दुसरी आपल्या पुण्यात.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी स्थानबद्ध होते. तेथे पहिल्याच आठवड्यात महादेवभाई देसाई वारले. १९१७ पासून गांधीजींच्या सहवासाची रोजनिशी लिहिणारा माणूस गेला. पुढे कस्तुरबा आजारी पडल्या, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेसाठी १९४३ च्या मार्चमध्ये मनू गांधीला तिथे आणले गेले. मनू गांधीजींच्या नात्यातली, नातीसारखी. तिचे शिक्षणही तिथेच चालले. एप्रिलपासून ती गुजरातीत रोजनिशी लिहू लागली. गांधीजी ती वाचत, सही करत, आणि कधी समासात सूचना लिहीत. त्रिदीप सुहृद यांनी या रोजनिशीचे इंग्रजी भाषांतर संपादित करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केले आहे.

गांधीजींच्या सूचना शिक्षकांनी मुद्दाम पाहाव्यात अशा आहेत. सूत किती कातले त्याचा हिशेब लिही, काय वाचले ते लिही, कोणाकडून काय शिकलीस ते लिही. आणि रोजनिशीत 'वगैरे' हा शब्द नको! अक्षराबद्दल नव्हे, 'वगैरे'बद्दल सूचना. भाषेचा आणि विज्ञानाचा धडा एका शब्दात उरकला. ज्याला 'वगैरे' लिहिता येत नाही त्याला नीट पाहावेच लागते, मोजावेच लागते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. त्या आजारपणाची जवळून लिहिलेली हकीकत आज आपल्याला वाचायला मिळते, त्यामागे ही शिस्त आहे.

मनात येणारे विचारही लिहावेत, असेही गांधीजींनी सुचवले होते. इथे मात्र आम्ही अडखळतो. जो वाचणार, सही करणार, ज्याच्या शब्दावर आपला दिवस चालतो, त्याच्यासाठी मुलगी कोणते विचार लिहील? आश्रमाच्या जीवनात काही झाकून ठेवायचे नाही, हा आदर्शच होता, आणि वही वाचली जाणार हे मनूला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. यात फसवणूक नव्हती. पण शाळा म्हणजे आश्रम नव्हे. आपल्या वर्गातल्या मुलांनी ते व्रत घेतलेले नाही.

आता दुसरी वही. ॲन फ्रँकला १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, लाल चौकड्यांच्या कव्हराची एक वही मिळाली. जुलैत तिचे कुटुंब नाझींपासून लपले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांना पकडून नेईपर्यंत ती लिहीत होती. शेवटची नोंद १ ऑगस्टची. ही रोजनिशी मराठी वाचकांना परिचित आहे. पण शाळांतून तिचा दाखला देताना दोन गोष्टी सोयीस्कर विसरल्या जातात.

पहिली म्हणजे ती 'रोज'निशी नव्हतीच. ॲन वाटेल तेव्हा लिही. कधी लागोपाठ, कधी बऱ्याच दिवसांच्या खंडाने. कधी जुनी पाने वाचून, आपण असे लिहिलेच कसे, या आश्चर्याने त्यांत भर घाली. युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रे जमा करणार आहोत, असे एका डच मंत्र्याचे भाषण तिने मार्च १९४४ मध्ये रेडिओवर ऐकले. त्यानंतर मे महिन्यात ती सगळी रोजनिशी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला बसली. काही गाळले, काही वाढवले, काही बदलले. म्हणजे जगाला काय दाखवायचे आणि स्वतःपाशी काय ठेवायचे, हे तिने स्वतः ठरवले. भाषा सुधारली ती या निवडीमुळे, असे आम्हांला वाटते. शेऱ्यांमुळे नव्हे. शेरे मारणारे तिथे कोणी नव्हतेच.

दुसरी गोष्ट खाकी कागदाची. त्या पहिल्या वहीतली दोन पाने ॲनने खाकी कागद चिकटवून झाकून टाकली होती. २०१८ मध्ये संशोधकांनी मागून प्रकाश टाकून, छायाचित्रे घेऊन ती वाचली. खाली काय निघाले? चार-पाच चावट विनोद आणि वयात येणे, शरीरसंबंध यांविषयी काही ओळी. तेरा वर्षांच्या कोणत्याही मुलीच्या मनात येतील अशा. इतिहासाला त्यांचा उपयोग असेल, त्या वाचाव्यात की नाही यावर तज्ज्ञ वाद घालोत. आम्हांला मात्र त्या पानांपेक्षा तो कागद बोलका वाटतो. झाकण्याची सोय होती, म्हणूनच लिहिले गेले.

आणखी एका व्यक्तीचा उल्लेख करायलाच हवा. कुटुंबाला पकडून नेल्यावर जमिनीवर विखुरलेले ते कागद मीप खीस या बाईंनी गोळा केले. या कुटुंबाला लपून राहण्यात मदत करणाऱ्यांपैकी त्या एक. त्यांनी ते कागद कार्यालयातल्या टेबलाच्या खणात ठेवले आणि वाचले नाहीत. ॲन परत आल्यावर तिला द्यायचे होते. ती येणार नाही हे १९४५ मध्ये कळले, तेव्हा त्यांनी ते तसेच तिच्या वडिलांच्या हाती दिले. वाचले असते तर जाळावे लागले असते, कारण त्यांत मदत करणाऱ्यांची नावे होती, असे त्यांनी पुढे सांगितले. सुमारे एक वर्ष एका मुलीची वही हाताशी असताना न वाचणारी प्रौढ व्यक्ती! आपल्यापैकी किती जणांना हे जमेल?

आमचे म्हणणे असे की या दोन्ही वह्या चांगल्या आहेत. मनूची वही दुसऱ्याने वाचण्यासाठी होती, आणि तिच्यात मुख्यतः तपासता येईल असा मजकूर मागितला गेला. ॲनची वही कोणी तपासणार नव्हते, म्हणून तिच्यात काहीही येऊ शकले. बिघडलेली आहे ती तिसरी वही, आपल्या शाळांतली. ती मजकूर मागते ॲनचा आणि तपासणी करते मनूसारखी. मुले हुशार असतात. ती अशा वेळी दात घासतात.

आणि एखादे मूल फसून खरे लिहिते. एका शाळेतल्या आठवीच्या मुलाने वडिलांनी रात्री दारू पिऊन घरातली भांडी फेकल्याचे लिहिले होते. वही तपासणाऱ्यांनी ते पान शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवले. वाईट हेतूने नव्हे, हळहळून. आम्हीही तिथे होतो आणि ऐकले. चार दिवसांत ते मुलाच्या घरी पोहोचले. पुढच्या सोमवारपासून त्याच्या वहीत 'सकाळी सहा वाजता उठलो' सुरू झाले, ते वार्षिक परीक्षेपर्यंत. त्या पानांवर 'छान' असा शेरा आहे.

यावर कोणी म्हणेल, मूल संकटात असेल तर शिक्षकाला कळायला नको का? कळायला हवेच. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकही आहे. पण त्यासाठी मुलांना आधी सांगावे लागते की जे मला दाखवाल त्याबाबत मला काहीतरी करावे लागेल. दाखवायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यानंतर मुलाचा. गुपचूप पाळत ठेवून मिळालेली माहिती आणि विश्वासाने सांगितलेली माहिती यांत फरक आहे, हे प्रत्येक वर्गशिक्षक जाणतो.

आम्ही आता दोन वह्या ठेवतो. एक निरीक्षणाची, सर्वांसाठी खुली. तिच्यात पाऊस, तापमान, झाडे, चंद्र. केरळातल्या अनेक शाळांतली मुले 'सीझनवॉच' या उपक्रमात एकच झाड निवडून त्याची पालवी, फुले, फळे आठवड्यातून एकदा नोंदवतात. आम्हीही झाडांसाठी आठवडाच धरला. शाळेमागच्या बहाव्याला रोज भेटायची गरज नसते. या वहीवर आम्ही शेरे मारतो, पण प्रश्नांच्या स्वरूपात. 'किती वाजता?' 'कोणत्या दिशेला?' 'वगैरे म्हणजे काय?' दुसरी वही मुलांची. तिच्यासाठी आठवड्यातून पंधरा मिनिटांचा तास देतो, शांत बसण्याचा. ती वही आम्ही उघडत नाही. लिहिले की नाही हेही पाहत नाही. एक मुलगा त्या वेळात सहा महिने नुसती मोटारींची चित्रे काढत होता, असे त्यानेच सांगितले. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, 'या वह्यांवर सही कुठे आहे?' नाही, असे सांगितले. त्यांनी त्यांच्या वहीत काय लिहिले ते आम्ही पाहिले नाही.

गेल्या श्रावणात चंद्राचा उपक्रम पुन्हा केला. 'ढग' लिहिले तरी पूर्ण नोंद धरली जाईल, हे आधीच सांगितले होते. नवमीच्या रात्री जवळजवळ सगळ्या वर्गाने ढग नोंदवले. गावाबाहेरच्या वाडीवरून येणाऱ्या एका मुलाच्या वहीत मात्र अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र होता, दक्षिणेकडे, आठ वाजून दहा मिनिटांनी. बाकीची मुले म्हणाली, हा थापा मारतो. तो म्हणाला, तुम्ही आठला पाहून आत गेलात, मी दहा मिनिटे थांबलो. फळ्यावर आकृत्या निघाल्या, दिशा तपासल्या, दिनदर्शिका आणली गेली. तास संपल्याची घंटा झाली तरी वाद मिटला नव्हता.